पुढे झुकलेली चाकं

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा नागपूर मेट्रोने खापरीला गेला होता. विमानतळाच्या पुढे गाडीने वेग घेतला तेव्हा त्याने मोबाइल आडवा धरून खिडकीतून चार-सहा फोटो काढले. घरी आल्या आल्या फोन माझ्या तोंडापुढे धरला. “मावशी, हे खांब वाकडे काऊन आले?”

खरंच, रुळांलगतचे विजेच्या तारांचे खांब फोटोत एका बाजूला कलले होते, वाऱ्यात ज्वारीची ताटं कलतात तसे. लांबच्या इमारती मात्र सरळ उभ्या. फोन बिघडला असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. मी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं, खुणेचं पान उघडलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. हे पुस्तक मला बावीस वर्षांपूर्वी बर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं. मुखपृष्ठ फाटलेलं, आतली पानं शाबूत. तेव्हापासून त्यातला फोटोग्राफर माझ्या घरातला माणूस झाला आहे.

त्या पानावर शर्यतीची एक मोटार आहे. डावीकडून उजवीकडे सुसाट चाललेली, इतकी की तिचं नाक चौकटीच्या बाहेर निघून गेलंय. मागच्या टाकीवर मोठा ६ आकडा. आत दोन माणसं, वाऱ्याला तोंड देत बसलेली. मागचं चाक गोल नाही. ते लांबुळकं झालंय आणि पुढे झुकलंय, जणू मोटारीच्या आधी चाकालाच पोहोचायची घाई आहे. पाठीमागे रस्त्याकडेला उभी असलेली माणसं आणि खांब मात्र उलट दिशेला, मागे रेललेत. मोटार पुढे ओढते, जग मागे पडतं. कोणी कागदावर चित्र काढून वेग दाखवायला बसलं असतं तर त्याने अगदी असंच काढलं असतं. पण हे चित्र नाही, फोटो आहे, आणि त्यावर कोणी कसलीही कारागिरी केलेली नाही.

फोटो काढणाऱ्याचं नाव झाक आंरी लार्तिग. फ्रान्समध्ये मोटारींची ग्रां प्री शर्यत होती, तिथे त्याने हा फोटो काढला. त्याच्या नोंदीत साल १९१२ आहे. मोटारीच्या क्रमांकावरून आणि चालकावरून शोध घेणारे काही अभ्यासक तो १९१३ च्या शर्यतीतला मानतात. काहीही धरलं तरी तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता.

भाच्याला मी म्हटलं, तुझे खांब आणि याचं चाक एकाच कारणाने वाकडं आलंय. ते कारण समजलं की या फोटोग्राफरची अर्धी गंमत हाती लागते, म्हणून आधी तेच सांगते.

आपल्याला वाटतं कॅमेरा सगळं दृश्य एका क्षणात टिपतो. तसं होत नाही. लार्तिगच्या कॅमेऱ्यात फिल्मऐवजी काचेची प्लेट असायची, तिच्यावर प्रकाशाने बदलणारा मसाला लावलेला. प्लेटच्या अगदी पुढे काळ्या कापडाचा पडदा, आणि त्या पडद्यात एक अरुंद आडवी फट. बटण दाबलं की पडदा वरून खाली सरकतो, फट प्लेटवरून फिरत जाते आणि फट जिथे असेल तेवढ्याच पट्टीवर उजेड पडतो. घरी करून बघायचं असेल तर एका पुठ्ठ्यात आडवी फट कापा आणि तो डोळ्यांसमोरून वरून खाली न्या. रस्ता तुम्हाला पट्ट्यापट्ट्यांनी दिसेल. प्रत्येक पट्टीला उजेड मिळतो तो सेकंदाच्या काहीशेव्या भागाइतका, म्हणून चित्र पुसट होत नाही. पण पहिली पट्टी आणि शेवटची पट्टी यांच्यात त्याहून कितीतरी जास्त वेळ गेलेला असतो. उदाहरण म्हणून धरा, फटीला प्लेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला सेकंदाचा विसावा भाग लागला. ताशी १०० किलोमीटरने धावणारी मोटार तेवढ्या वेळात जवळपास १ मीटर ४० सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे एकाच फोटोत मोटारीचा खालचा भाग एका वेळचा आणि वरचा भाग दुसऱ्या वेळचा.

आता एक लहानशी मेख. भिंगातून आत येणारं चित्र प्लेटवर उलटं पडतं, डोकं खाली आणि पाय वर. त्यामुळे फट वरून खाली सरकली की दृश्यातली जमीन आधी टिपली जाते आणि आकाश नंतर. चाकाचा तळ आधी नोंदला गेला. चाकाच्या माथ्यापर्यंत फट पोहोचली तोवर मोटार पुढे गेली होती. म्हणून माथा पुढे, चाक झुकलेलं.

मग माणसं मागे का रेलली? ती तर उभीच होती. इथे लार्तिगचे स्वतःचे हात येतात. मोटार समोरून जाताना त्याने कॅमेरा तिच्याबरोबर वळवला, पण मोटार त्याच्या वळण्यापेक्षा जास्त वेगात होती. कॅमेरा उजवीकडे वळत होता म्हणून स्थिर माणसं कॅमेऱ्याच्या दृष्टीने डावीकडे सरकत होती. त्यांचे पाय आधी नोंदले गेले, डोकी नंतर, आणि तोवर ती डावीकडे गेलेली. कॅमेरा अगदी मोटारीच्याच वेगाने वळला असता तर चाक गोल आलं असतं. वळलाच नसता तर माणसं ताठ आली असती. तो दोन्हींच्या मधे कुठेतरी वळला, म्हणून एकाच फोटोत दोन विरुद्ध कल मिळाले. मी हे पहिल्यांदा कागदावर बाण काढून समजून घेतलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मला कोणाला तरी उठवून सांगावंसं वाटत होतं.

मोबाइलमध्ये कापडाचा पडदा नाही, पण काम तेच चालतं. आतला सेन्सर दृश्य एकदम वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो, पान वाचावं तसं. मेट्रो धावत असताना पहिली ओळ वाचून शेवटची ओळ येईपर्यंत जवळचा खांब मागे सरकलेला असतो. लांबची इमारत नजरेत तितकी सरकत नाही, म्हणून ती सरळ. हा प्रयोग तुम्ही जरूर करा. फोन आडवा धरून एक फोटो, मग तोच फोन उलटा आडवा धरून दुसरा. खांब विरुद्ध बाजूला कलतील. फोन उभा धरलात तर खांब कलण्याऐवजी जाड किंवा बारीक होतील, कारण ओळी आता उभ्या वाचल्या जातात. मेट्रो नको असेल तर भरपूर उजेडात घरच्या फिरत्या पंख्याचा फोटो काढा. पाती केळ्यासारखी वाकतील.

नागपूरच्या महाल भागात आमच्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. लहानपणी मी सुट्टीत तिथेच असायची. लग्नाळू मुलींचे फोटो, पासपोर्टचे फोटो, मुंज, सत्कार. काकांचं अख्ख्या धंद्याचं एक वाक्य होतं, “हलायचं नाही.” डार्करूमच्या फळीवर एक पुठ्ठ्याचा खोका असायचा, त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं ‘वाया’. हललेले, डोकं कापलं गेलेले, कोणीतरी मधेच हसल्याने बिघडलेले निगेटिव्ह त्यात जात. नाक कापलेली मोटार, वाकडं चाक, रेललेली माणसं असा फोटो काकांच्या हाती आला असता तर त्याची जागा ठरलेली होती. आणि काकांना मी दोष देणार नाही. गिऱ्हाईक पैसे देतं ते चेहरा नीट यावा म्हणून. लार्तिगचं मात्र कोणी गिऱ्हाईक नव्हतं, आणि त्याचा तो फोटोही कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही.

तो जन्मला १३ जून १८९४ ला, पॅरिसजवळच्या कुर्बव्वा गावी. घर गडगंज. वडिलांनाही फोटोचा नाद, त्यांनी १९०२ मध्ये पोराला त्याचा स्वतःचा असा कॅमेरा दिला. मोठा लाकडी, काचेच्या प्लेटचा. पोरगं अंगाने किरकोळ, वारंवार आजारी पडणारं. कॅमेरा मिळायच्या आधीच त्याने एक खेळ शोधला होता: डोळे मिटायचे, उघडायचे, गिरकी घ्यायची, की समोरचं सगळं, आवाजासकट, आत अडकून राहील. डोळ्यांचा सापळा, असं तो त्याला म्हणायचा. काही दिवसांनी त्याला कळलं की सापळा काम करत नाही, काही उरत नाही, आणि त्या दुःखाने तो आजारी पडला. मग कॅमेरा आला. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याच्या फोटोंमधली गंमत हसवण्यासाठी केलेली नाही. आनंद हातातून निसटतो हे सात-आठ वर्षांच्या मुलाला आधीच कळलं होतं, आणि तो त्याला धरायला धावत होता.

आता त्याचे काही फोटो सांगते. १९०५ मधला, त्याच्या पॅरिसच्या घरातल्या खोलीतला. जमिनीवर खेळण्यातल्या मोटारी मांडल्यात. खोलीत उभं राहून फोटो काढला असता तर खेळण्यांचा पसारा आला असता. अकरा वर्षांच्या या मुलाने कॅमेरा थेट जमिनीवर ठेवला. भिंग मोटारींच्या उंचीला आलं आणि त्या क्षणी त्या खेळणी राहिल्या नाहीत. पलंगाखालून शर्यत निघाल्यासारखी दिसते, कपाट डोंगराएवढं वाटतं.

नागपूरकरांना हे समजावून सांगायला मला तान्ह्या पोळ्यापेक्षा चांगलं काही सापडत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पोरं लाकडी नंदी सजवून बाहेर पडतात. त्याच दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, “इडा पिडा घेऊन जा गे मारबत” चा गजर चालू असतो, गर्दी असते. दरवर्षी मोबाइलवर शेकडो फोटो निघतात आणि जवळपास सगळे मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. त्यात दिसतं काय? पोराचं डोकं, टोपी आणि खाली कुठेतरी एक लाकडी वस्तू. दोन वर्षांपूर्वी मी रस्त्यावर सरळ बसले आणि फोन नंदीच्या पायांशी टेकवला. नंदीची शिंगं आकाशात गेली. मागे उभा असलेला पाच वर्षांचा मालक पैलवानासारखा दिसू लागला, आणि त्याच्या तोंडावर मला पहिल्यांदा तो अभिमान दिसला जो वरून बघताना दिसतच नव्हता. त्याला तो नंदी खराच वाटत होता. फोटोला ते पटायला फक्त चार फूट खाली यावं लागलं.

दुसरा फोटो १९०४ चा. लार्तिग स्वतः अंघोळीच्या टबात बसलाय, पाण्याबाहेर फक्त डोकं, आणि शेजारी त्याची पंख्याची खेळण्यातली होडी. कॅमेरा पाण्याच्या पातळीला आहे, म्हणून टबाचं पाणी समुद्रासारखं पसरतं.

आणि उडीचा फोटो. १९०५, पॅरिसच्या घराच्या जिन्यावरून त्याची नात्यातली बहीण उडी मारते. घरात तिला बिशोनाद म्हणत. लांब पायघोळ झगा, डोक्यावर हॅट, आणि बाई जमिनीपासून वर, हवेत, हात पुढे, जणू पोहते आहे. त्या काळातल्या बाईचा फोटो म्हणजे खुर्ची, हातात पंखा, मागे रंगवलेला पडदा. ही उडते आहे आणि हसते आहे.

या फोटोमागचं तंत्र मी भाच्याला पोहण्याच्या तलावावर नेऊन शिकवलं. उडी मारलेल्या माणसाचा वेग सारखा नसतो. वर जाताना तो कमी कमी होतो, शिखरावर पोचल्यावर उभ्या दिशेने जवळपास शून्य होतो आणि मग खाली येताना वाढत जातो. त्या शिखराच्या आसपास माणूस थबकल्यासारखा असतो. सेकंदाचा तीनशेवा भाग उजेड आत घेणारं शटर असेल तर त्या थबकलेल्या क्षणी शरीर हललंय हे प्लेटला कळतही नाही. खाली पडायला लागून तीन दशांश सेकंद झाले तर वेग सेकंदाला ३ मीटर होतो, आणि तेवढ्याच शटरमध्ये शरीर १ सेंटिमीटर सरकतं. कडा पुसट व्हायला लागतात. म्हणजे उडणारा माणूस टिपायचा तर शिखर पकडायचं. पण शिखर दिसल्यावर बोट दाबलं तर उशीर झालेला असतो, डोळ्यापासून बोटापर्यंत निरोप पोचायलाच वेळ लागतो. आधी दाबावं लागतं. म्हणजे समोरचा माणूस कशी उडी मारणार हे तुम्हाला आधीपासून ठाऊक असलं पाहिजे. लार्तिगला ते ठाऊक होतं कारण तो त्याच पोरांत रोज उड्या मारत होता. परक्या माणसाला हा फोटो इतका सहज मिळाला नसता असं मला वाटतं.

त्याचा मोठा भाऊ मोरिस, घरातलं नाव झिसू, हा तर स्वतंत्र विषय आहे. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात रूझा इथे त्यांचा वाडा होता, तिथे झिसू पोरांना हाताशी धरून काहीबाही बनवायचा. चाकांच्या गाड्या, ग्लायडर, होड्या. १९१० चा एक फोटो आहे: झिसूचं झेडवायएक्स २४ नावाचं ग्लायडर मैदानातून उचलतंय आणि खाली धावणारी पोरं दोरी ओढता ओढता स्वतःच जमिनीपासून वर गेलीत. फोटोच्या नावातच लार्तिगने गंमत केली आहे. यंत्र उडतंय आणि अमुक अमुक हेही उडायच्या प्रयत्नात आहेत, अशी सगळ्यांची नावं घेऊन. दुसऱ्या एका फोटोत झिसू पूर्ण पोशाखात, हॅट घालून, रबराच्या टायरसारख्या होडीत तरंगतोय आणि चेहरा सभेत बसल्यासारखा गंभीर. मी हा फोटो वाईट दिवसांत बघते.

अशा फोटोंना मराठीत काय म्हणावं यावर मी बराच काळ अडले होते. विनोदी म्हटलं तर शेवटी टाळी हवी. लहरी म्हटलं तर माणूस तऱ्हेवाईक वाटतो. मिश्कील जवळ येतो, पण मिश्कील माणूस दुसऱ्याकडे बघून हसत असतो, थोडा लांब उभा राहून. शेवटी मला अवखळ हा शब्द पटला. तो आपण लहान मुलाला लावतो, वासराला लावतो, ओढ्याला लावतो. तिघांनाही आपण गंमत करतो आहोत हे माहीत नसतं, त्यांच्या अंगात ती मावत नसते म्हणून ती बाहेर येते. मिश्कील फोटोत फोटोग्राफर हुशार दिसतो. अवखळ फोटोत समोरचं जग.

याच्या अगदी उलट टोकाचं कामही मोठं असतं, हे सांगायला हवं. फिलिप हाल्समन या फोटोग्राफरने १९४८ मध्ये चित्रकार साल्वादोर दालीचा फोटो काढला, त्यात दाली, खुर्ची, स्टूल, चित्रं, पाण्याचा लोट आणि तीन मांजरं असं सगळंच हवेत तरंगतंय. स्टूल-चित्रं तारेने टांगली होती, खुर्ची हाल्समनच्या बायकोने चौकटीबाहेरून धरली होती, पाणी आणि मांजरं मदतनिसांनी मोजून एकदम फेकली. मनासारखं व्हायला २८ प्रयत्न लागले. मांजरांची मला दया येते, पण मेहनतीला नमस्कार. हाल्समनने आनंद रचला. लार्तिग तो घडत असताना तिथे हजर होता. दोन्हींना जमिनीपासून पाय सुटलेला माणूस हवा होता, तरी फोटो बघताना अंगावर येणारी झुळूक वेगळी आहे. हाल्समनच्या फोटोत मी थक्क होते, लार्तिगच्या फोटोत मला उडी मारावीशी वाटते.

इतका मोठा माणूस जगाला कळला कधी? वयाच्या ६९व्या वर्षी. तोवर तो स्वतःला चित्रकार समजायचा. पॅरिसमध्ये चित्रकला शिकला, प्रदर्शनं भरवली, चित्रं विकली. फोटो काढणं हे त्याचं श्वास घेण्यासारखं चालू होतं, अल्बममध्ये चिकटवून घरात. १९६२ मध्ये तो बायको फ्लोरेतबरोबर अमेरिकेला गेला. तिथे एका फोटो एजन्सीच्या माणसाने त्याचे जुने फोटो पाहिले आणि ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फोटोग्राफी विभागाचा नवा प्रमुख जॉन शार्कोव्स्की याच्याकडे पोचवले. १९६३ मध्ये तिथे प्रदर्शन झालं. त्याच वर्षी ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याचे फोटो अनेक पानं देऊन छापले, २९ नोव्हेंबरच्या अंकात. आठवडाभरापूर्वी अध्यक्ष केनेडींची हत्या झाली होती. त्या बातमीसाठी तो अंक घराघरांत गेला आणि शोकाच्या पानांबरोबर ही उडणारी माणसंही गेली. पुढे रिचर्ड ॲव्हेडॉनसारख्या नावाजलेल्या फोटोग्राफरने १९७० मध्ये त्याच्या फोटोंचं पुस्तक सिद्ध केलं. १९७४ मध्ये फ्रान्सचे नवे अध्यक्ष जिस्कार देस्तँ यांचा अधिकृत फोटो काढायला त्यालाच बोलावलं. १९७९ मध्ये त्याने आपलं सगळं काम, लाखभर फोटो आणि सव्वाशेहून अधिक अल्बम, फ्रेंच सरकारच्या हवाली केलं. १९८६ मध्ये नीस इथे तो गेला, ९२ वर्षांचा होऊन.

भोळं पोरगं, हातात कॅमेरा, आपोआप चमत्कार, ही गोष्ट ऐकायला गोड आहे आणि मीही बरीच वर्षं ती तशीच सांगत होते. केव्हिन मूर या अमेरिकन अभ्यासकाने तिला चांगलीच कात्री लावली आहे. त्याचं म्हणणं असं की लार्तिग तेवढा अजाण नव्हता. वडील जाणते हौशी फोटोग्राफर, घरात फोटोचं ज्ञान, त्या काळच्या सचित्र मासिकांत शर्यतींचे, विमानांचे, उड्यांचे फोटो छापून येत, तो ते बघत होता. साठच्या दशकात म्युझियमला आधुनिक फोटोग्राफीचा एक निरागस पूर्वज हवा होता, आणि हजारो फोटोंतून त्या गोष्टीत बसतील तेवढे निवडले गेले. लार्तिगनेही म्हातारपणी आपले अल्बम नव्याने लावले. मला मूरचं पटतं. आणि पटल्यामुळे लार्तिग माझ्या नजरेत उतरला नाही, उलट तो आता मला शिकलेला माणूस दिसतो. तबला वाजवणारं आठ वर्षांचं पोर घरात उस्ताद असल्यामुळे वाजवतं हे कळलं म्हणून त्याचा हात कमी गोड होत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. १९०५ मध्ये मोटारी, ग्लायडर, वाडे हे किती जणांच्या नशिबी होतं? त्याच वर्षी आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल सुरू होऊन २८ वर्षं झाली होती. तिथल्या कामगारांची पोरंही तलावात उड्या मारतच असतील, तितक्याच उंच. त्यांच्या उडीचा शिखरबिंदू कोणी टिपला नाही. लार्तिगच्या हयातीत दोन महायुद्धं झाली, आणि त्याचे अल्बम तरी बहुतेक उन्हातच राहिले. हे माहीत असूनही मी ते उघडते. आनंद मोजक्यांकडे होता हे खरं, पण तो खोटा नव्हता. आणि आज एम्प्रेस मिलच्या कामगारांच्या पणतवंडांच्या हातात कॅमेरा आहे.

त्याचे फोटो नव्याने बघणाऱ्याला मी एवढंच सुचवते की पहिल्यांदा हसून घ्या, मग पान उलटू नका. कॅमेरा जमिनीपासून किती उंच होता ते शोधा. सावल्या आणि क्षितिज बघितलं की कळतं. मग हा फोटो अर्धा सेकंद आधी काढला असता तर काय दिसलं असतं ते मनात उभं करा, आणि अर्धा सेकंद नंतरचंही. बिशोनादच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात एक मुलगी जिन्यावर उभी आहे. नंतरच्यात ती जमिनीवर आदळून झगा सावरते आहे. दोन्ही साध्या गोष्टी आहेत.

त्याची एक सवय मी उचलली आहे. तो रोजनिशी लिहायचा, आणि दिवसभरात काढलेल्या फोटोंची चिमुकली रेखाचित्रं त्यात काढून ठेवायचा. प्लेट धुवून निघायच्या आधीच, आठवणीतून. फोटो बिघडला तरी त्याने काय पाहिलं होतं ते वहीत राहायचं. भाच्याला मी शंभर पानी वही घेऊन दिली. पहिल्या पानावर त्याने वाकडे खांब काढलेत आणि खाली लिहिलंय, ‘खांब नाही, मी पळत होतो.’

काकांचा झेनिट कॅमेरा आता माझ्याकडे आहे. रशियन, जड, आत कापडाचाच पडदा. मागच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं तो घेऊन फुटाळा तलावाच्या रस्त्याला गेलो, चाक झुकवायला. पण झेनिटचा पडदा आडवा सरकतो, वरून खाली नाही. सरळ धरला तर गाडी फक्त लांब किंवा आखूड होते. म्हणून कॅमेरा उभा केला, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर लावलं, आणि एका बुलेटवाल्याची वाट बघितली. घरी येऊन बाथरूममध्ये फिल्म धुतली, पाण्यातून काढून खिडकीशी धरली. बुलेट स्पष्ट होती, चाकही लांबुळकं झालं होतं, पण मागे रेललेलं. कॅमेरा उलट्या बाजूने उभा धरायला हवा होता. आकाश आधी टिपलं गेलं, रस्ता नंतर. भाच्याने वहीत दोन चाकं काढली, एक मागे, एक पुढे, आणि पुढच्या चाकाखाली येत्या रविवारची तारीख घातली.